वाटणीचा गोठा

वाटणीच्या दिवशी पंच साळूबाईला गोठा दाखवायला घेऊन गेले, तेव्हा आत अजून बैल बांधलेले होते.

पंच चार होते आणि चौघेही दाराबाहेरच थांबले. लालासाहेब पाटलांनी आपल्या कोऱ्या पायताणाकडं बघून पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं, आणि छडीनं आतला अंधार दाखवत ते म्हणाले, "ह्ये बग साळूबाई. आढ्यापास्नं पायापातूर समदं तुजं. शिवाय वड्याकडंचा तुकडा. पंचांनी काय अन्याव केला न्हाई."

"एकल्या बाईला लागतंय किती?" तिचा थोरला दीर नानासो मिशीवरनं बोट फिरवत म्हणाला. "चूल आन् हातरूण. झालं की."

साळूबाई आत गेली. भिंतीला हात लावून बघितला, वर छपराकडं बघितलं, पायाखालची ओल टाचेनं दाबून बघितली. मग बाहेर येऊन तिनं विचारलं, "आन् बैलं?"

"बैलांस्नी नवा गोठा बांदतूय की आमी! इटंचा. वर पत्रा." नानासोचा आवाज फुगला. लढाईचे दिवस नुकते सरले होते, पत्र्याला परमिट लागायचं, आणि नानासोनं पत्रे कुठून पैदा केले हे गावात कुणी विचारत नव्हतं.

साळूबाईनं चारी पंचांची तोंडं एकामागून एक नीट न्याहाळली. बाजारात गुरं बघतात तशी.

"म्हंजे बैलांस्नी पत्रा, आन् लढाईत मेलेल्या शिपायाच्या बायकूला बैलांचं मूत. बरं झालं पाटील. कुणाची काय किंमत हाय ती चारचौघांत कळली. घेते मी. सोडा बैलं."

सोडा म्हणल्यावर नानासोची बोटं मिशीवरच थांबली. त्याचा हिशोब वेगळा होता. धाकटा भाऊ सयाजी, साळूबाईचा नवरा, पलटणीत गेला आणि इटलीतल्या कुठल्याशा नदीवर पूल बांधताना पडला, तशी तार आली. पोरबाळ नव्हतं. बाई महिनाभर रडेल, मग माणातनं तिचा भाऊ येईल आणि गाडीत घालून घेऊन जाईल, हे नानासो धरून चालला होता. बाई रडली, पण गेली नाही. उलट वाटणी मागितली. तेव्हा त्यानं पंचांना हाताशी धरून गोठा पुढं केला. गोठ्याच्या वासानंच ती एका रातीत माहेरची, दहिवडीची वाट धरेल, असं त्यानं पाटलांना सांगून ठेवलं होतं.

पण नानासोला साळूबाई कळलीच नव्हती. नऊ वर्षं ती त्याच्या घरात भाकरी थापत होती आणि नऊ वर्षं त्या घरानं तिला माणदेशीण म्हणून हिणवलं होतं. "तुमच्यात पानी पित्यात का गं? का नुस्तं चाटत्यात?" असं थोरली जाऊ बनुबाई पहिल्या वर्षी विचारायची, आणि सगळ्या बाया खिदळायच्या. साळूबाई तोंडावर काही बोलत नसे. पण मनात तिनं ह्या मळेवाडीच्या, कृष्णाकाठच्या माणसांना केव्हाच मोजून ठेवलं होतं. काळीभोर जमीन, बारमाही नदी, ऊस आपसूक वर येतो, म्हणून ह्यांची मान ताठ. ह्यांना वाटतं ऊस ह्यांच्या अकलेनं वाढतो. एक दगड दुसऱ्या दगडावर बसवायला सांगा, सात जण जमतील, आठवा चिलीम भरील आणि दगड तिथंच राहील.

ती स्वतः दगडातच वाढली होती. दुष्काळात माणातली माणसं सरकारी कामावर जायची. साळूबाई दहा वर्षांची असल्यापासून बापाबरोबर तलावाच्या बांधावर खडी फोडत होती. बाप दगड बसवायचा आणि ती त्याच्या हाताखाली सांध्यात ठासायला दगडाच्या चिपा द्यायची. कोणता दगड कुठं बसेल ते तिला बघताक्षणी कळायचं, जसं बनुबाईला कुणाच्या घरात काय शिजतंय ते कळायचं.

बैल सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं कासोटा घट्ट खोचला आणि खोरं घेऊन गोठ्याची जमीन खोदायला घेतली.

पन्नास वर्षं तिथं जनावरं बांधली होती. वरचा थर शेणाचा, त्याखाली मुताला भिजून काळीठिक्कर झालेली माती, आणि ती दीड हात खोल. खोरं मारलं की असा वास उठायचा की डोळ्यांतनं पाणी यावं. साळूबाई पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची आणि गावातनं, भर चावडीवरनं, ओढ्याकडच्या आपल्या तुकड्यात नेऊन पसरायची. मागल्या वाटेनं जाता आलं असतं. पण ती मुद्दाम चावडीवरनं जायची. पारावर बसलेली माणसं नाकाला धोतराचा सोगा लावायची.

"आगं, मागनं जा की!" एक दिवस लालासाहेब वैतागले.

"का वं पाटील? तुमीच दिलंय न्हवं? आपुन दिलेल्या दानाचा वास घ्यावा मानसानं."

पाटील उठून घरात गेले.

बनुबाई रोज नदीवरनं पाणी आणताना गोठ्यापाशी थबकायची. एकदा नाकावर पदर धरून म्हणाली, "साळू, आगं मड्यागत वास येतुया. ऱ्हानार कशी ह्यात तू?"

"तीस वरसं तुमी ह्याच वासाशेजारी भाकरी खाल्ली आक्का. तवा न्हाई आला? मी उकरला म्हनून आला व्हय?"

बनुबाई हंडा सावरत घराकडं निघाली.

बाई खरंच खोदतेय हे दिसल्यावर नानासोनं दुसरी तजवीज केली. गवंडी, सुतार, रोजानं जाणारे गडी, सगळ्यांच्या दारात जाऊन त्यानं सांगितलं, की त्या बाईच्या कामाला जो हात लावील त्यानं पुन्हा माझ्या बांधाला पाय लावायचा नाही. निम्म्या गावाला नानासोच्या उसात काम होतं. कुणी हात लावला नाही. गवंड्यानं तर साळूबाई समोरून येताना दिसली की वाट बदलायला सुरुवात केली.

"बरं हाय," ती गवंड्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "त्येनं बांदलेली भित्ताडं मी बघितल्यात. आला असता तर मलाच हाकलाय लागलं असतं."

दीड हात माती निघाल्यावर पिवळा मुरूम लागला. त्यावर तिनं ओढ्यातनं आणखी मुरूम आणून टाकला, पाणी मारलं आणि धुमसानं चोपला. मागल्या भिंतीला पोट आलं होतं. ती भिंत तिनं वरपासून पायापर्यंत उतरवली, दगड एकीकडं, माती एकीकडं. मोठे दगड ओढ्याच्या कडेनं लोळवत आणले, सुतकीचे घाव घालून त्यांची तोंडं सपाट केली, आणि बापानं शिकवल्याप्रमाणे आडवे, उभे, मध्ये चिपा ठासून, सांधा सांध्यावर येऊ न देता भिंत वर नेली. दोरीला दगड बांधून ओळंबा केला. पूर्वेच्या अंगाला खिडकीची जागा सोडली. नाकावर पदर धरणाऱ्या बाया आता पदर खाली घेऊन बघायला लागल्या. बाप्ये मात्र लांबूनच बघायचे आणि म्हणायचे, पडंल. एका पावसात पडंल.

भिंत पडली नाही. ती आजही असेल. पडलं ते वरचं मातीचं धाबं.

त्याचं असं झालं. गोठ्यावरचं जुनं पाचटाचं छप्पर कुजलं होतं. भिंती झाल्या तशी ती छपराकडं वळली. तेव्हा गावचा म्हातारा सुतार, आकाराम, आपली शेळी घेऊन त्या बाजूला आला. काटकुळा माणूस, बोलायला कमी. तोही नानासोच्या बलुत्यावरचाच. लांब उभा राहून त्यानं भिंत डोळ्यांनी वरखाली मोजली.

"भित झ्याक हाय," तो म्हणाला. "वर काय करनार?"

"धाबं."

"नगं करू. ह्यो माणातला पाऊस न्हवं. हितं झड लागली की आठ आठ दीस खंड न्हाई. उतार दे आन् कौलं घाल."

साळूबाईला हसूच आलं. "कौलं म्हंजे खापरं वं मामा. मांजर चाललं तरी फुटत्यात. आमच्यात धाब्यावर ज्वारी वाळत घालत्यात, मानसं निजत्यात. तुमी नदीकाठची मानसं, तुमाला धाबं काय ठावं?"

"माझं काय जातंय," आकाराम म्हणाला आणि शेळीला हाकत निघून गेला.

धाब्याला पांढरी माती लागते. ती चिकट असते, पाणी धरत नाही, वाहून देते. मळेवाडीत ती फक्त पाटलांच्या पडक्या गढीच्या ढिगाऱ्यात होती. म्हणजे ती मागायला लालासाहेबांच्या दारात जावं लागलं असतं. साळूबाई गेली नाही. तिनं शेतातली काळी माती आणली, त्यात चुन्याची भुकटी मिसळली, तुळयांवर तुराट्या आणि निरगुडीचा पाला अंथरला आणि वर ही माती थापली. काम करताना तिच्या हाताला कळत होतं की ही माती ती नव्हे. काळी माती वाळली की तडकते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण पाटलांपुढं पदर पसरायला नको म्हणून तिनं हाताचं ऐकलं नाही.

श्रावणात झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती चुलीपुढं बसून भाकरीचं पीठ मळत होती, तर तव्यावर मातीचे दोन खडे पडले. तिनं वर बघितलं. तुळई वाकली होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी चिखल ठिबकत होता. साळूबाई परात हातात घेऊन उठली आणि दारातनं बाहेर पडली. ती अंगणात पोचते न पोचते तोच मागं निम्मं धाबं चुलीसकट खाली बसलं. फार मोठा आवाजसुद्धा झाला नाही. ओल्या मातीचा होतो तसा, दबका.

माणसं डोक्यावर पोती घेऊन धावत आली. ती पावसात उभी होती, हातात परात, परातीत पीठ, आणि पिठात पाणी साचत होतं.

नानासोही आला. त्यानं पडलेल्या ढिगाऱ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि घसा साफ करून मायेनं म्हणाला, "जीव वाचला ह्ये बक्कळ झालं. आता तरी हट सोड. उद्या गाडी जुंपून देतो. जा म्हायेरला."

त्या मायेनं साळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "भावजी, मागल्या वर्साला तार आली तवा गाडी जुंपायला निघालावता, आज धाबं पडलं तवा जुंपताय. मी मेले की एकदाच जुंपा. आता वाट सोडा. भाकरी व्हायची हाय माजी."

ती उभ्या राहिलेल्या अर्ध्या भागात गेली, तीन दगड मांडले, ओलं सरपण फुंकत बसली आणि पातळ झालेल्या पिठाच्या कशाबशा दोन भाकरी केल्या. त्या कच्च्या राहिल्या होत्या. तिनं त्या खाल्ल्या, कारण बाहेर माणसं अजून बघत होती.

पण माणसं पांगल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. इतके महिने ती ज्यांना नावं ठेवत होती त्यांच्यात आणि आपल्यात फरक तो काय? नानासोनं ताठ्यापायी बैलांना विटांचं घर बांधलं. आपण ताठ्यापायी काळी माती धाब्यावर घातली. चूक पावसाची नव्हती, गावाची नव्हती. सुतारानं सांगितलं होतं, तिच्या हातानंही सांगितलं होतं. इतकी उघडी चूक माणातलं शेंबडं पोरही करत नाही.

झड थांबली त्या दिवशी ती आकारामच्या दारात गेली. तो अंगणात जू तासत बसला होता. गोठ्यापासून सुताराच्या दारापर्यंतची सगळी वाट तिनं काय बोलायचं ते घोकलं होतं, पण तिथं पोचल्यावर त्यातलं एवढंच बाहेर आलं.

"मामा, धाबं पडलं."

"ऐकलं."

"तुमी सांगितलं व्हतं."

"सांगितलं व्हतं खरं." आकारामनं तासणी थांबवली नाही.

"मला उताराचं पाखं करायला येत न्हाई," साळूबाई म्हणाली. 'येत न्हाई' हे तिनं लग्न होऊन ह्या गावात आल्यापासून कुणापुढं म्हटलं नव्हतं.

आता म्हाताऱ्यानं हात थांबवला. "मी येनार न्हाई, साळूबाई. नानासोचं बलुतं खातो मी. त्यानं बजावलंय, हात लावायचा न्हाई."

"ठावं हाय. भ्यालेलं मानूस लांबनंच वळखायला येतं मला."

"आगं, मदत मागाय आलीस का भांडाय?"

आकारामनं जुवाच्या टोकावरनं अंगठा फिरवला. मग म्हणाला, "माजी शेळी हाय. दुपारचं तिला तुज्या दारातल्या लिंबाखाली चारायला आनत जाईन म्हंतो. तिच्यासंगं जरा बोलायची सव हाय मला."

दुसऱ्या दिवसापासून मळेवाडीनं जन्मात बघितला नव्हता असा तमाशा सुरू झाला. साळूबाई भिंतीवर चढून तुळया सारायची, आणि आकाराम लिंबाखाली, घराकडं पाठ करून, शेळीवर ओरडायचा.

"आगं ए! डाव्या अंगाला घे जरा. किती? चार बोटं. हां. आता खाच मार तितं. खोल न्हाई मारायची, टवळे, मोडंल!"

शेळी पाला खायची. साळूबाई खाच मारायची.

"लय आक्कल शिकीवताय शेळीला, मामा," ती वरनं म्हणायची. "एक दिस सुताराचं दुकान घालंल ती."

"तिला निदान आयकायची बुद्दी हाय," आकाराम शेळीला म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी नानासोच्या कानावर गेलं. तो तरातरा आला. "आकाराम! काय सांगितलं व्हतं मी?"

"हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलं व्हतं." म्हाताऱ्यानं आपले दोन्ही हात वर करून दाखवले. "कुटं लावलाय? शेळीसंगं बोलू नगं, असं काय तुमी म्हनला न्हवता नानासो. म्हना, मंग न्हाई बोलनार."

शेजारची माणसं दाराशी आली होती. सगळ्यांदेखत एका माणसाला शेळीशी बोलू नको असं बजावणं नानासोला जमेना. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. वरनं साळूबाई म्हणाली, "भावजी, सावलीला बसा की. शेळी शिकली, तुमीबी शिकाल." माणसं हसली. पहिल्यांदाच हसणं तिच्या बाजूनं होतं, पण तिला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. ही तीच माणसं 'पडंल' म्हणत होती. उद्या वारं फिरलं की पुन्हा म्हणतील.

आढं चढवायचं काम मात्र एकटीचं नव्हतं. मध्ये रोवलेल्या खांबाच्या, मेढीच्या, टोकाला तिनं मोटेचं जुनं चाक बांधलं, त्यावरनं जाड दोराचा नाडा टाकला आणि खालनं ओढून आढ्याचा बाभळीचा सोट वर न्यायला लागली. निम्म्यावर गेल्यावर तिच्या हाताला घाम फुटला आणि नाडा सरकायला लागला. सोडला तर सोट भिंतीवर आपटणार आणि भिंत जाणार. आकाराम उठून उभा राहिला. त्याचे हात पुढं आले आणि तिथंच राहिले.

बनुबाई नदीवरनं येत होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. तिनं दोन्ही वाटेतच ठेवली, आली आणि साळूबाईच्या मागं नाडा धरला. दोघींनी ओढला. आढं मेढीच्या बेचक्यात बसलं तेव्हा धप्पकन आवाज झाला आणि भिंतीवरनं धूळ झडली.

बनुबाईच्या तळहातांची साल निघाली होती. साळूबाईला काहीतरी बोलायचं होतं, पण जिभेला ती सवय राहिली नव्हती.

"हंडा कलांडलाय तुमचा, आक्का," ती म्हणाली.

बनुबाई हंडा घेऊन पुन्हा नदीकडं गेली.

कार्तिकात ओढ्याकडच्या तुकड्यातली ज्वारी काढली. गोठ्यातली पन्नास वर्षांची माती खाऊन ती माणसाच्या वर गेली होती, कणसं मुठीत मावत नव्हती. पारावरच्या मंडळींनी ती बघितली आणि चिलीम भरायला घेतली. त्यातलीच ज्वारी देऊन तिनं कुंभाराकडनं कौलं घेतली. कुंभाराला बजावायचं नानासोच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतका पुढचा विचार त्यानं आयुष्यात कधी केला नव्हता. कौलं तिनं एकटीनं वाहिली, एकटीनं रचली. शेळी दोन दिवस आजारी होती, त्यामुळं शेवटची पन्हळ जरा वाकडी झाली. ती तिनं तशीच ठेवली.

थंडी सरेपर्यंत घर उभं राहिलं. आत भिंतींना गिलावा, जमीन शेणानं सारवून आरशागत केलेली, पूर्वेला खिडकी, चुलीवर धूर जायला झरोका. पुढच्या पावसात दोन ठिकाणी गळलं. कौलं सारखी केल्यावर तेही थांबलं.

मग नानासोच्या पोराचं, कृष्णातचं, लग्न ठरलं. लग्नाआधी एका सकाळी नानासो आला, बरोबर लालासाहेब. यावेळी पाटील दारात थांबले नाहीत. पायताणं काढून आत आले, घोंगड्यावर बसले आणि घर वरखाली बघत राहिले. नानासोनं भिंतीवर थाप मारली. भिंत काही हलली नाही.

"बरं केलंस," नानासो म्हणाला. "आता मी काय म्हंतो साळूबाई, तू एकली. तुला एवडं लागतंय कशाला? आपल्या घरात तुला माजघराच्या कडंची खोली देतो. जेवान आमच्यातच. आन् ह्ये कृष्णातला ऱ्हाऊ दे. पोराचा नवा संसार हाय."

साळूबाई चुलीतली राख सारत राहिली, तेव्हा लालासाहेबांना वाटलं ती विचार करतेय. त्यांनी जोर लावला. "घरातलं घरात ऱ्हातंय. म्हनशील तर पंच पुन्यांदा बसवू."

"बसवा की," ती म्हणाली. "बसायला तुमाला येतंच. तेवडंच येतंय."

"जपून बोल!"

"आवं पाटील, हितं शेण व्हतं तवा तुमी दारात नाक धरून हुबं ऱ्हायला. आज घोंगडं हातरलंय म्हनून मांडी घालून बसलाय. मला का कळत न्हाई? भावजी, तुमच्या पोराला घर पायजे न्हवं? तुमचा पत्र्याचा गोठा हाय की. बैलं भाईर काडा आन् खोरं हातात घ्या. दीड हात खोल जावं लागतं. मी रोज येऊन बसंन लिंबाखाली. सांगंन कसं करायचं ते."

नानासो लालबुंद होऊन उठला. पाटील पायताणात पाय घालताना डावा पाय उजव्यात घालून बसले आणि ते नीट करण्यात त्यांची जाण्याची ऐट गेली. पंच काही पुन्हा बसले नाहीत. वाटणी चारचौघांत झाली होती आणि ती मोडायची तर गोठा का दिला होता तेही चारचौघांत सांगावं लागलं असतं.

लग्न झालं. नवी सून घरात आली, पाव्हणेरावळे आले ते महिनाभर हललेच नाहीत. वैशाखातल्या एका दुपारी साळूबाई ज्वारी निवडत बसली होती, तर दारात बनुबाई उभी. हातात काही नव्हतं, हंडाही नाही.

"बसू का जरा?" तिनं विचारलं.

"बसा. गोठाच हाय."

बनुबाई आत आली आणि भिंतीला टेकून बसली. भिंत गार होती. तिनं पाठ नीट टेकवली. खिडकीतनं नदीवरचं वारं येत होतं आणि तिच्या कपाळावरचे पिकले केस हलत होते. काही वेळानं ती म्हणाली, "आमच्या सैपाकघरात खिडकीच न्हाई."

"मला ठावं हाय. नऊ वरसं धूर खाल्लाय मी तितं."

"मी तीस खाल्ला."

साळूबाईच्या जिभेवर आलं होतं, की मग तेव्हा मला हसत होता ते कशाच्या जिवावर? पण बनुबाईचे डोळे मिटले होते. ती बसल्या बसल्याच कलली, हाताची उशी केली आणि झोपली. तोंड उघडं पडलं. तळहात वर झाला होता. नाड्यानं साल गेली होती तिथं पांढरट कातडी आली होती. साळूबाईनं ते बघितलं. माया वगैरे काही आली नाही. नऊ वर्षांचं हसणं असं एका दुपारी विसरायला ती कुणी संत नव्हती. तिनं फक्त सूप बाजूला ठेवलं, म्हणजे आवाज व्हायला नको.

पलीकडच्या घरातनं नानासोची हाक आली. "बने! ए बने! कुटं मेली? पाव्हनं खोळंबल्यात!"

बनुबाई हलली नाही. हाक पुन्हा आली, मग जवळनं आली, आणि नानासो अंगणात येऊन उभा राहिला. साळूबाई दारात गेली.

"निजल्यात," ती म्हणाली. "उठल्या म्हंजे येतील."

"निजलीय? पाव्हन्यांचा चा कोन करनार?"

"चूल हाय, साखर हाय, हात हायती. करा तुमचा तुमी."

आणि तिनं दार लावून घेतलं.